वाचकांचे प्रश्न : रक्तदाब, शाळूची भाकरी, आड आणि अजिंक्यतारा

प्रश्न : वडील 62 वर्षांचे. दवाखान्यात रक्तदाब 150/92 आला म्हणून घरी मशीन आणलं. सकाळी वरचा आकडा 128, लगेच पुन्हा लावलं तर 141, दुपारी 119. मशीन बिघडलंय का? की गोळी सुरू करावी? (सदरबझार, सातारा)

उत्तर : मशीनला दोष देण्याआधी पट्टा बघा. मशीनसोबत येणारा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याच्या टेपने कोपर आणि खांद्याच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. तालमीत कमावलेला दंड सहज 32 च्या पुढे जातो. पट्टा तोकडा पडला की आकडा उगाच जास्त येतो. अशा वेळी मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट बसण्याची. आपल्याकडे सतरंजीवर मांडी घालून, नातवंडांशी बोलत रक्तदाब मोजतात. तो आकडा कामाचा नाही. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसावं, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नाहीत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर, सदऱ्यावरून नाही. पट्टा छातीच्या पातळीच्या 10 सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा 7-8 ने चढतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांना मोजा. ज्या हाताला जास्त येईल तोच पुढे कायम ठेवा. सात दिवस, सकाळी नाश्त्याआधी (गोळी चालू असेल तर तिच्याही आधी) आणि रात्री जेवणाआधी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून उरलेल्या 24 नोंदींची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल, तर तो वाढलेला रक्तदाब. गोळीचं डॉक्टरांनी ठरवायचं, पण हा कागद घेऊन जा. मनासारखे आलेले आकडे तेवढे लिहून बाकीचे गाळू नका. बहुतेक वह्या तिथेच फसवतात.

180/120 च्या वर आकडा गेला, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ जड होणं यांपैकी काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच 108 ला फोन करा.

मिठाचाही हिशेब घ्या. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे. चार माणसांत एक किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरायला हवा. तुमच्याकडे महिन्यात संपतो का? शिवाय लोणचं, पापड, भडंग, फरसाण यांतलं मीठ त्या पुड्यात धरलेलंच नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

प्रश्न : साखर आहे म्हणून पोळी बंद करून शाळूची (रब्बी ज्वारीची) भाकरी सुरू केली. भाकरी पोटभर चालते ना? (तासगाव)

उत्तर : नाही. शाळूचं पीठ चांगलंच, पण 100 ग्रॅम पिठात जवळपास 70 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे गव्हाच्या पिठाइतकीच. आपल्याकडची ताटभर भाकरी 80 ते 100 ग्रॅम पिठाची होते; घडीची लहान पोळी 30 ग्रॅमची. म्हणजे एक भाकरी तीन पोळ्यांना भारी. एकदा पीठ तराजूवर तोलून भाकरी थापा, मग अर्धी घ्यायची की पाऊण ते कळेल. जोडीला घट्ट डाळ, उसळ किंवा पिठलं ठेवा, नुसत्या पातळ आमटीवर भागवू नका. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर 180 च्या आत असेल, तर तेवढी भाकरी तुम्हाला मानवते. मात्र इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना भाकरी एकदम अर्ध्यावर आणलीत तर साखर उतरून घाम, थरथर सुटू शकते. आधी डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : पुराचं पाणी अंगणातल्या आडात जातं. पाणी ओसरल्यावर सगळे म्हणतात, मूठभर टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाका. नेमकी किती टाकायची? (सांगलवाडी)

उत्तर : 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट. तसा पूर आला की आडात नदीबरोबर गटारं आणि संडासाच्या टाक्याही उतरतात. मूठभर पावडरीने ते भागत नाही.

आधी उपसा. मात्र पूर ओसरल्या ओसरल्या आड कोरडा करू नका. भोवतालची माती पाणी प्यायलेली असते, आतला दाब गेला की जुनं दगडी बांधकाम ढासळतं. दोन-तीन टप्प्यांत, मध्ये एखादा दिवस सोडून उपसा. डिझेल इंजिन आडात उतरवू नका आणि ते चालू असताना माणूस खाली पाठवू नका; धुराने बेशुद्ध पडायला काही मिनिटं पुरतात. गाळ काढून, कडा घासून पाणी पुन्हा भरू द्या आणि निवळू द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो.

आता हिशेब, सगळी मापं मीटरमध्ये : व्यास × व्यास × पाण्याची खोली × 785 म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे 70 ग्रॅम. हे प्रमाण 33 टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचं. ओल लागून खडे झालेली, वास न येणारी पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही.

पावडर थेट आडात फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या; खालचा चुना टाकून द्या, तो आडात गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. रात्री केलंत तर उत्तम, कारण निदान तासभर पाणी शेंदायचं नाही.

सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का, याची चाचणी) करून घ्या. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. न आल्यास तीच मात्रा पुन्हा. पुरानंतर पहिल्या मात्रेत रंग येत नाही, हे नेहमीचंच. पिण्याचं पाणी तोवर खळखळून उकळा.

प्रश्न : वय 51. अजिंक्यतारा चढताना काही होत नाही, उतरताना गुडघे दुखतात. हिल मॅरेथॉनमध्ये उतरायची इच्छा आहे. (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : चढताना दम लागतो, भार पडतो तो उतरताना. तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीर धरून ठेवतो. तो कमी पडला की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. म्हणून सध्या चढा आणि जमेल तर गाडीने खाली या. डांबरी रस्ता वरपर्यंत आहे, त्यात कमीपणा कसला! सोबत एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहाचे दोन फेरे. बसताना मनात चार अंक मोजत सावकाश. दुखलं नाही तर दोन आठवड्यांनी तीन फेरे. मग पायी उतरायला लागा, पण पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला.

दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर चाल निम्मी करा. गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच लचकला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. स्पर्धा 21.1 किलोमीटरची आहे, यवतेश्वरचा घाट चढायचा तसा उतरायचाही. तेव्हा नाव नोंदवण्याआधी गडावरून सलग आठ-दहा वेळा दुखल्याशिवाय उतरून बघा.