मावशींच्या मुलीला जरूर शिकवा, पण घरी ठेवून नको

पत्र: आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी यंदा 76 टक्के मिळवून दहावी झाली. सुट्टीत आईबरोबर यायची आणि काम आवरलं की माझ्या मुलाच्या कपाटातली पुस्तकं घेऊन गॅलरीत वाचत बसायची. आता मावशी म्हणतात, सोसायटीत दोन कामं मिळताहेत, ती धरू दे. मला वाटतं तिला आमच्याकडेच ठेवून घ्यावं. राहील, शिकेल, वरकामाला थोडा हातभारही लागेल. मिस्टर म्हणतात, नसती जबाबदारी नको. सासूबाई म्हणतात, बोट दिलं की हात धरतात. काय करू?
— पुण्याची एक वाचक

उत्तर:

ताई, गॅलरीत वाचत बसलेली मुलगी तुमच्या नजरेत भरली, याचं मला फार मोल वाटतं. असं कुणाचं तरी लक्ष जाण्यावरच पुष्कळदा पुढचं सगळं अवलंबून असतं.

मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळेनंतर एक मुलगा पुस्तक घेऊन बसायचा. विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर त्याच बागेत येत. त्यांनी मुलाची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. 1907 साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा तेच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. बाबासाहेब घडले ते त्यांच्या स्वतःच्या बुद्धीनं आणि कष्टानं. पण शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा ते थांबू नये म्हणून धडपडणारा एक शिक्षक त्यांच्या मागे होता.

यातली आणखी एक गोष्ट तुमच्या पत्राला लागू पडते. केळुसकर भेटण्याच्या आधीपासून वडील रामजी मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींकडे हात पसरत होते, प्रसंगी लेकीचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणत होते. बाहेरच्या माणसाची मदत आली ती बापाच्या या धडपडीला जोड म्हणून. तुमच्या मावशींनीही मुलीला दहावीपर्यंत आणलं आहे, तेही धुणीभांडी करून. त्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही असं कृपा करून समजू नका. दोन कामांचे पैसे घरात आले नाहीत तर महिन्याचं गणित कसं जमवायचं, हा त्यांचा प्रश्न आहे.

म्हणून मी आधी विचारते, मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवलात? आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, दिवाळीला पूर्ण महिन्याचा बोनस, आजारपणात पैसे न कापणं, एवढं तुमच्या हातात आहे. त्या ज्या इतर घरी जातात तिथल्या बायकांशीही बोला. चार घरांनी मिळून पगार वाढवला तर मुलीनं काम धरायची निकड बरीच कमी होईल. तो पैसा मावशींच्या घामाचा असेल, त्यात मिंधेपण नाही. मला तर ही वाढ फीच्या मदतीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

आता तिला घरी ठेवण्याबद्दल. नको, ताई. ‘वरकामाला थोडा हातभार’ हे शब्द तुम्ही सहज लिहिलेत, पण तिच्या बाजूनं बघा. पाहुणे आले की चहा कोण टाकणार? परीक्षेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी हाक मारली तर ती ‘नाही’ म्हणू शकेल का? तुमच्या मनात खोट नसली तरी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उपकाराच्या दडपणाखाली गप्प राहील आणि तिचं वाचन मागे पडेल. तिला तिच्या आईजवळ राहू द्या. घर लहान असेल, तर संध्याकाळी दोन तास तुमच्याकडचं एक टेबल तिचं. त्या वेळात तिला कुणीही काम सांगायचं नाही, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

अकरावीचे प्रवेश ऑनलाइन असतात आणि फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. मावशींना फॉर्म भरताना सोबत लागेल. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढायला टाका. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करताना ते लागतात. कॉलेज निवडताना तुकडी अनुदानित आहे ना, हे नीट विचारा. विनाअनुदानित तुकडीची फी ऐकूनच कितीतरी पालक मागे फिरतात. आणि हे सगळं करण्याआधी त्या मुलीला विचारा, तुला काय शिकायचंय? तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आली आहेत, तिचंच तेवढं नाही. तिला कदाचित आयटीआयला जायचं असेल. तसं असेल तर तेच.

मिस्टरांची काळजी मी उडवून लावणार नाही. त्यांच्यासोबत बसून दरमहा किती रक्कम जड न जाता देता येईल ते ठरवा. थोडी असली तरी चालेल, पण ती तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. मध्येच हात काढून घेतला तर तिची अवस्था आजच्यापेक्षा वाईट होईल. अकरावीत मार्क घसरतील, कारण अकरावीत बहुतेकांचे घसरतात. तेव्हा ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य घरातल्या कुणाच्याही तोंडून येता कामा नये.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. ती मुलगी वाचायला येईल तेव्हा तिला आजींजवळ बसून पेपर मोठ्यानं वाचायला आवडेल का, ते विचारून बघा. नको म्हणाली तर राहू द्या.

मावशींशी मात्र याच आठवड्यात बोला, आणि बोलताना त्यांना आधी खुर्चीवर बसायला सांगा.