पार्किंगमध्ये गाडीचं दार भिंतीला घासलं, पांढरे पट्टे उमटलेत. घरच्या घरी निघतील का?

बहुतेक निघतील. असे पांढरे पट्टे अनेकदा भिंतीचाच रंग वर चिकटून आलेले असतात. आधी ती जागा कार शाम्पूने नीट धुवा, धूळ राहिली तर घासताना नवे ओरखडे पडतात. मग नख आडवं फिरवून बघा. अडकलं तर ओरखडा खोल आहे, तिथे टचअप (तेवढ्याच जागी रंग भरणं) किंवा पेंटरच लागेल.

नाही अडकलं तर गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. मायक्रोफायबर कापडावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड (डाग घासून काढायची पेस्ट) घेऊन हलक्या हाताने घासा, पुसून बघा, हवं तर पुन्हा. जोर नको, वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचाच, अगदी पातळ असतो. शेवटी वॅक्स लावा. भांड्यांची घासणी तर चुकूनही नको! मॅट रंगाच्या गाडीला कंपाउंडही लावू नका, चकचकीत डाग पडतो आणि तो जात नाही.