सेंटर काढायच्या आधी एवढं वाचा ताई: नशामुक्तीचा सरकारी पैसा आणि आपली गल्ली

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मालेगावात तुमच्या गल्लीतली आठवी-नववीतली पोरं कुत्ता गोळी (नशेसाठी खाल्ली जाणारी गुंगीची गोळी) खायला लागलीत, दोघं-तिघं मोठे एमडीवर (म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर) गेलेत, बचत गटातल्या बायकांनी ठरवलंय की २० खाटांचं व्यसनमुक्ती सेंटर काढायचं, जागा द्यायला एक जण तयार आहे, आणि सरकार नशामुक्तीला कोट्यवधी देतं तर आपल्याला मिळायला अर्ज कुठे करायचा. अर्जाचं खाली सांगतो. पण आधी एक सांगतो, राग मानू नका. सेंटर काढू नका. निदान आत्ता तरी नको.

मी या कामात १७ वर्षं आहे. पहिली सहा वर्षं १५ खाटांच्या सेंटरात होतो, नंतर वस्तीत उतरलो. जे लिहितोय ते दोन्हीकडचं बघून लिहितोय.

आधी पैशाचं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा नशेची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आहे, २०१८ पासूनचा, त्याला सगळे नापडर म्हणतात. त्यातून सेंटरांना, वस्तीतल्या ड्रॉप-इन सेंटरांना (नशा करणाऱ्याने सहज येऊन बसावं, मदत घ्यावी अशा जागा), पोरांमधल्या कामाला आणि सरकारी दवाखान्यांतल्या उपचार केंद्रांना पैसा जातो. अलीकडच्या बजेटांत या योजनेला वर्षाला तीनशे कोटींच्या आसपास तरतूद असते. ऐकायला खूप वाटतं ना? आता त्याच मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेला सर्व्हे बघा, २०१९ ला आला. अफूच्या कुळातली नशा, म्हणजे हेरॉइन, अफू, वेदनेच्या गोळ्या वगैरे, यात मदतीची गरज असलेले देशात ७७ लाख आणि दारूसाठी मदत लागणारे ५.७ कोटी. नुसत्या ७७ लाखांना वाटले तरी माणशी वर्षाला चारशेच्या आसपास रुपये होतात, दारूवाले धरले तर पन्नासच्या आसपास. आणि त्याच सर्व्हेत आहे की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळतो. तर पैसा भरपूर आहे, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाही, असं समजू नका. पैसा मुळातच कमी आहे.

आणि जो आहे तो खाटेला आहे. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. खाट मोजता येते, रजिस्टरला नाव लागतं, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाला दाखवता येते. पोरगं घरी गेल्यावर त्याच्या दारात जाऊन बसलेली बाई कुठल्या रकान्यात दाखवणार? दुसरा पैसा जातो रॅली, शपथ, पोस्टर यात. १५ ऑगस्ट २०२० ला नशामुक्त भारत अभियान २७२ जिल्ह्यांत सुरू झालं, नंतर सगळीकडे गेलं, आणि त्यात मनापासून राबणारी माणसं मी स्वतः पाहिलीत, पण ज्या पोराला आत्ता तलफ आलीय त्याला शपथेचा काय उपयोग. तिसरा भाग पोलिसांचा, तो गृह खात्याचा. कारवाई पाहिजेच. कुरकुंभला २०२४ मध्ये एमडीचा कारखाना सापडला, त्याच वर्षी सांगलीकडे इरळीत सापडला, म्हणजे माल बाहेरून येतो असं म्हणायची पण सोय राहिली नाही, आपल्याकडेच बनतोय. पण पेडलर आत गेला म्हणून घेणारा बरा होत नाही. घरी आई असते आणि पोरगा अंग टाकून पडलेला असतो, त्या रात्रीचं काय करायचं याला कुठल्याच खात्यात पैसा नाही. गृह, सामाजिक न्याय, आरोग्य, तिघांचे तीन अधिकारी, तीन बजेटं, तीन बैठका.

आता सेंटर का नको. पहिलं कारण औषधाचं. कुत्ता गोळी म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलाम, डॉक्टर घबराटीसाठी देतात ती गोळी. रोज भरपूर खाणाऱ्याने ती एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. डॉक्टर ती हळूहळू उतरवत आणतात, आठवडे लागतात. पोराला खोलीत कोंडून चार दिवसांत गोळी सोडवणारे लोक आहेत आणि त्यांच्याकडे आपली माणसं हातापाया पडून पोरं सोपवतात, मला हे ऐकलं की भीती वाटते. एमडीचं वेगळंच. हेरॉइनला निदान बदली औषध आहे, ब्युप्रेनॉर्फिन, पंजाबने २०१७ पासून त्याची बाह्यरुग्ण क्लिनिकं काढली, माणूस रोज येतो, समोर गोळी घेतो, कामावर जातो. एमडीला असं बदली औषध नाही. सुटल्यावर पोरगं दोन-तीन दिवस नुसतं झोपतं, मग प्रचंड उदास होतं, जीव द्यायच्या गोष्टी बोलतं, आणि तलफ महिनोन्महिने येत राहते. तिथे औषधापेक्षा माणूस लागतो, आणि तो खूप दिवस लागतो.

दुसरं कारण कायद्याचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले आजार येतात, त्यामुळे अशा सेंटरला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, डॉक्टर लागतो, रेकॉर्ड लागतं, पेशंटला साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. आणि केंद्राच्या अनुदानाला संस्था नोंदणीकृत पाहिजे, या कामाचा काही वर्षांचा अनुभव पाहिजे, दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नाव पाहिजे, मग ई-अनुदान पोर्टलवर अर्ज, मग राज्याची शिफारस, मग तपासणी. झालं मंजूर तरी हप्ता येईल तेव्हा येईल. आमच्या सेंटरात एका वर्षी हप्ता वर्ष संपून गेल्यावर आला. तोवर स्वयंपाकाच्या मावशी गेल्या, काउन्सेलर दुसरीकडे लागला, किराणावाल्याची उधारी डोक्यावर, आणि आम्ही पेशंटच्या घरच्यांकडून तांदूळ मागत होतो. बचत गटाच्या बायकांच्या पैशावर ही वेळ यावी असं मला अजिबात वाटत नाही.

तिसरं कारण एका पोराचं आहे. नाव लिहीत नाही. एकोणीस वर्षांचा, आमच्याच वस्तीतला, तीन महिने चांगल्या सेंटरात राहिला, वजन वाढलं, आईशी नीट बोलायला लागला. घरी सोडला त्या दिवशी आम्ही सगळे खूश, सेंटरच्या कागदावर तो बरा झालेला, म्हणजे सरकारच्या हिशोबात काम फत्ते. विसाव्या दिवशी परत नशा केली. मी विचारलं का रे, तर म्हणाला, घरी आलो तर कुणाला माझ्याशी काय बोलायचं कळत नव्हतं, फक्त टपरीवरच्या पोरांना कळत होतं. हे वाक्य मी विसरू शकत नाही. तीन महिन्यांचा खर्च सरकारने केला आणि पुढच्या वीस दिवसांसाठी एक माणूस नव्हता. त्यानंतर आम्ही सेंटरातून परत येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा माणूस पाठवायला लागलो. चहा प्यायचा, गोळ्या घेतल्या का बघायचं, आईला बाजूला घेऊन तिचं ऐकायचं. सगळेच टिकले असं नाही, घसरलेही बरेच, पण घसरले की लपवत नव्हते, स्वतः सांगत होते, आणि परत दवाखान्यात न्यायला उशीर होत नव्हता. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, त्यांनी फॉलोअपला एवढं महत्त्व का दिलं, घरच्या बायकांसाठी वेगळा गट का चालवला, ते मला तेव्हा नीट उमगलं.

तर तुमच्या गटाने हे काम धरावं. खाट सरकारकडून घ्या, खाटेच्या आधीचं आणि नंतरचं तुम्ही करा. त्याला इमारत लागत नाही.

सुरुवात अशी करा. मालेगावच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम कधी येते. तो वार गल्लीत सगळ्यांना पाठ पाहिजे. नाशिक शंभर किलोमीटर, रोजंदारीवाली आई पोराला घेऊन दर आठवड्याला तिथे जाणार नाही, म्हणून जवळ काय मिळतं ते आधी, आणि भरती लागली तरच नाशिक. पहिल्यांदा जाताना गटातली एक बाई सोबत जाऊ द्या, कारण केसपेपरच्या रांगेतूनच अर्धे लोक परत फिरतात. फोन नंबर तीन आहेत आणि लोक हमखास गोंधळतात. १४४४६ हा नशामुक्तीचा. १४४१६ टेलिमानस, मन फार खचलं, जीव द्यायच्या गोष्टी आल्या तर. १९३३ हा पण मानस नावाचाच पण नार्कोटिक्सवाल्यांचा (अमली पदार्थांवर कारवाई करणारं खातं), कोण विकतंय त्याची खबर द्यायची असेल तर. भिंतीवर तिन्ही लिहा आणि कोणता कशाला तेही लिहा.

गोळ्या मेडिकलमधून येतायत का ते शांतपणे बघा. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीनवालं सिरप, ट्रॅमाडॉल ही शेड्यूल एच-वन मधली औषधं आहेत, दुकानदाराला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि कुणाला दिली त्याचं वेगळं रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करा, पोच घ्या, आणि एकट्या बाईच्या नावाने करू नका, गटाच्या नावाने करा. अठरा वर्षांखालच्या पोराला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे पोलीस स्टेशनात सांगायला लाजू नका.

घरच्यांना सगळ्यात मोठी भीती असते की दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल. एनडीपीएस कायद्यातच, म्हणजे अमली पदार्थांविरोधातल्या केंद्राच्या कायद्यातच, कलम ६४-ए आहे. स्वतःसाठी नशा करणारा किंवा अगदी थोड्या मालासोबत पकडलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही, अट एवढीच की उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. १९८५ च्या कायद्यातली ही सोय गल्लीत कुणालाच माहीत नसते. पोस्टर छापायचंच असेल तर याचं छापा.

आता पैसे. तुमच्या कामाला वर्षाकाठी जे लागतं ते रिक्षाभाडं, चहा, थोडे फोन आणि शक्य झालं तर दोन बायकांना मानधन. एवढ्यासाठी दिल्लीला अर्ज नको. एक, जिल्ह्यात आधीच अनुदानावर चालणारी संस्था शोधा. समाज कल्याणच्या सहायक आयुक्त ऑफिसला यादी असते. नापडरमध्ये वस्तीतल्या ड्रॉप-इन सेंटरला आणि पोरांनी पोरांमध्ये करायच्या कामालाही पैसा आहे, त्या संस्थेला सांगा तुमची एक शाखा आमच्या गल्लीत चालवा, माणसं आम्ही देतो. त्यांना वस्तीत शिरायला माणसं मिळत नाहीत, तुमच्याकडे आहेत. दोन, महापालिकेच्या महिला व बालकल्याण समितीचं स्वतंत्र बजेट असतं, ते शिलाई मशीन वाटण्यातच जावं असा काही नियम नाही. बजेट बनायच्या आधी निवेदन द्या, नंतर दिलं तर वर्ष गेलं. तीन, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एनकॉर्डची (नशेविरोधात सगळ्या खात्यांचा मेळ घालायची व्यवस्था) जिल्हा समिती असते, पोलीस, आरोग्य, एफडीए, शिक्षण सगळे एका टेबलावर. ही बैठक बहुतेक ठिकाणी किती माल पकडला यावरच संपते. तुम्ही लेखी मागणी करा की दर बैठकीत दोन आकडे द्या: तालुक्यातून किती जण उपचाराला आले आणि तीन महिन्यांनी त्यातले किती संपर्कात आहेत. दुसरा आकडा कुणाकडेच नसेल. विचारत राहिलात तर ठेवावा लागेल, आणि एकदा आकडा ठेवायला लागले की त्यासाठी पैसा मागता येतो, जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांसमोर पण मागता येतो. आमच्याकडे एवढं व्हायला दोन वर्षं गेली, पण झालं.

राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ चं आहे. तेव्हा एमडी एनडीपीएसच्या यादीतही नव्हतं, ते २०१५ ला आलं. ते धोरण नव्याने लिहा ही मागणी तुमच्या आमदारांकडे जरूर करा. पण पोरं त्यासाठी थांबणार नाहीत.

जागा देणाऱ्या भाऊंना नाही म्हणू नका. तीच जागा संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा, कॅरम ठेवा, बाहेर नशामुक्ती केंद्र असा बोर्ड मात्र लावू नका, बोर्ड बघून एक पण पोरगं आत येणार नाही. आणि ज्या मोठ्या पोरांचं तुम्ही लिहिलंय त्यातला कुणी रात्र-रात्र झोपत नसेल, सगळे आपल्याच मागावर आहेत असं बोलत असेल, तर या आठवड्यातच डॉक्टरकडे न्या, गटाची मीटिंग होईपर्यंत थांबू नका. ओपीडीचा वार कळला की इथेच लिहा, पहिल्या दिवशी सोबत काय कागद न्यायचे आणि डॉक्टरला काय काय सांगायचं ते मी लिहून देतो.