टॅब दाबून दाबून कोड विसरलोय का?

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत बॅकएंडला (सर्व्हर आणि डेटाबेसकडचा कोड) आहे, अडीच वर्षं झाली. पहिल्या नोकरीपासून टॅब दाबला की पुढचा कोड भरून देणारं एआय टूल कोपायलट हाताशी होतं आणि आता तर अख्खं फीचर एआय एजंटच लिहून देतो. गेल्या आठवड्यात एका इंटरव्ह्यूत डेटाबेसमधल्या दोन टेबलांचा साधा जॉइन (दोन्हींची माहिती जोडणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बोर्डवर लिहायला सांगितला तर हातच चालेना, इतकी लाज वाटली ना. टूल बंदच करून टाकू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बंद नको करूस, ऑफिसात आता ते वापरायची अपेक्षाच असते. पण तुझी भीती खरी आहे. 2025 मध्ये मेटर या संस्थेने 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरवर प्रयोग केला, एआय वापरायची मुभा होती त्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण 20 टक्के फास्ट झालो असं वाटत होतं! म्हणजे आपल्याला काय वाटतं त्यावर जाऊ नकोस. आणि ती मंडळी मुरलेली होती, स्वतःच्याच ओळखीच्या कोडवर काम करत होती. तुझं तर शिकायचं वय आहे, म्हणून तुझी मला जास्त काळजी वाटते.

आमच्या टीममधलंच सांगते. ऑर्डर लिस्टचं पेज स्लो होतं, एका ज्युनियरने एआयला "फास्ट कर" सांगितलं, त्याने कॅश (cache, आधी आणलेली माहिती साठवून तीच परत दाखवणं) टाकून दिला, पेज पळायला लागलं आणि दोन दिवसांनी ग्राहकांना जुनेच स्टेटस दिसायला लागले. मग एसक्यूएलचा लॉग (डेटाबेसला गेलेल्या क्वेरींची नोंद) चालू केला तर 200 ऑर्डरसाठी 201 क्वेरी, एक यादीसाठी आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी वेगळी! लॉग आधी बघितला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. हे बघणंच सुटतंय रे आपलं, टायपिंग सुटलं तर एवढं काही बिघडत नाही.

म्हणून बग आला की पहिली 20 मिनिटं टूलला हात लावू नकोस, स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे आली ती यादी) खालपर्यंत वाच, चूक कुठे असेल तो अंदाज वहीत लिही, मग एआयला विचार की माझा अंदाज कुठे चुकतोय. जो कोड दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही तो मर्ज करू नकोस, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू नकोस.

आणि जॉइनचं म्हणशील तर आज रात्रीच कागदावर लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारा जॉइन) लिही, डावीकडे ग्राहक, उजवीकडे ऑर्डर, उजव्या टेबलावरची अट एकदा ऑनमध्ये (ON, जोडायची अट) टाक, एकदा व्हेअरमध्ये (WHERE, जोडून झाल्यावरची गाळणी), आणि ऑर्डर नसलेले ग्राहक कुठल्या वेळी गायब होतात ते रन करायच्या आधी स्वतः सांग.