वाचकांचे प्रश्न : ऑइल वाढणे हे शुभलक्षण नव्हे

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पूर्वी ती हमरस्त्यावर लिटरला 12 ते 13 किलोमीटर ॲव्हरेज देत असे. गेल्या वर्षभरात तो आकडा 8 वर आला आहे. शिवाय या उन्हाळ्यात पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात ती दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासाने काहीही न करता सुरू झाली. मेकॅनिकने कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) साफ केला, नंतर नवाच बसवला, तरी फरक पडला नाही. आता तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दोष देतो. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे. ऑइल टिपूसभरही कमी होत नाही, उलट डिपस्टिकवर थोडे वरच दिसते. काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपण कौतुकाने लिहिलेले शेवटचे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटले. जवळपास चाळीस वर्षांच्या इंजिनात ऑइल थोडे कमी होणे स्वाभाविक आहे. ते वाढत असेल, तर त्यात दुसरे काहीतरी मिसळत आहे. पाणी मिसळले तर ऑइल ताकासारखे पांढुरके दिसते. आपण तसे काही लिहिलेले नाही, म्हणून संशय पेट्रोलवर जातो. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक काढून नाकाशी धरा आणि ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून पाहा. पेट्रोलचा उग्र वास आला आणि ऑइल पाण्यासारखे पातळ लागले, तर त्या ऑइलवर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो. कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवते, दांडी डायफ्रॅम खालीवर करते आणि टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत खेचले जाते. पेट्रोल आणि इंजिनचे ऑइल यांच्यामध्ये या रबरी डायफ्रॅमचाच काय तो पडदा असतो. तो कडक होऊन चिरला, की काही पेट्रोल कार्ब्युरेटरकडे न जाता खाली ऑइलमध्ये झिरपते, म्हणजे आपण पैसे मोजून भरलेले पेट्रोल जळतच नाही. असा अशक्त पंप सपाट रस्त्यावर कसाबसा निभावतो. पण घाटात, भर दुपारी, इंजिन तापलेले असताना पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि ती वाफ ढकलण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. अर्ध्या तासाने वाफ निवते आणि गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. मुंबईत काळ्यापिवळ्या फियाट, म्हणजे याच पद्मिनीच्या टॅक्सी, धावत होत्या तेव्हा चालक पंपावर ओले फडके टाकत, ते याच कारणाने. मात्र फडक्याने वाफ थांबते, चीर बुजत नाही.

म्हणून पंप उतरवून डायफ्रॅम उजेडात ताणून पाहा. दुरुस्तीचा संच मागताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच मागा, आणि त्याच वेळी ऑइल व फिल्टर दोन्ही बदला. डायफ्रॅम धड निघाला, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल, म्हणजे आत येणारे पेट्रोल वेळीच अडवणारी सुई, तपासा. ती नीट बसत नसेल, तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरमधून पिस्टनच्या रिंगांच्या कडेने ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी प्लगवर कोरडी काळी काजळी दिसते. कार्ब्युरेटर नवा आहे एवढ्यावरून ही शक्यता सोडून देऊ नये.

इथेनॉलविषयी मेकॅनिकचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण हिशेब जमत नाही. इथेनॉलमध्ये दर लिटरला पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणाने ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, म्हणजे 13 चे 12 होईल. 8 होणार नाही. जुन्या रबराला ते त्रास देते हे खरे, पण मग उपाय रबर बदलणे हाच ठरतो.

गाडी पुन्हा घाटात थांबलीच, तर ती निवण्याची वाट पाहत बसू नका; दोष हाती लागतो तो त्याच घटकेला. प्रथम टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा ‘सुस्स’ असा आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. मी स्वतः एकदा दोन पंप बदलल्यानंतर हे शिकलो. दुकानातून आणलेल्या नव्या झाकणाला छिद्रच नव्हते. त्यानंतर एक प्लग काढून, तो वायरीला लावून, त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवून सेल्फ मारा. प्लग काढलेल्या भोकापासून तो दूर धरा आणि आसपास सांडलेले पेट्रोल नाही याची खात्री करून घ्या. प्लगच्या टोकाला उडणारी ठिणगी पाहा. ती निळसर व टणक असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूचा. पिवळट व मरतुकडी असेल तर ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागांपैकी कंडेन्सर किंवा कॉइल तापल्यावर दगा देत आहे. कंडेन्सर स्वस्त असतो, एक जादा डिकीत ठेवावा.

पॉइंटचे, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचे, अंतरही मोजून घ्या. पॉइंटची टाच झिजली की अंतर मिटत जाते, ठिणगीचे टायमिंग मागे पडते, आणि मग गाडी पेट्रोलही खाते व तापतेही. हे अंतर अंदाजाने न लावता फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावावे. राहता राहिले ब्रेक : दहा किलोमीटर चालवून चारही ड्रमजवळ हात न्या, एखादा इतरांपेक्षा चटका देणारा असेल, तर त्या चाकाचा ब्रेक घासत आहे आणि तोही पेट्रोल खातो.

प्रश्न : माझी फियाट पावसाळ्याचे चार महिने बंद असते. टाकी रिकामी ठेवावी की भरलेली? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अर्धी तर मुळीच ठेवू नये. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतली आर्द्रता इथेनॉल शोषून घेते, पाणी तळाशी बसते आणि कोकणातल्या हवेत पत्रा आतून गंजतो. टाकी काठोकाठ भरा, आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी नुसती जागेवर सुरू न करता इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवून आणा. ते शक्य नसेल, तर टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही कोरडे करून ठेवा आणि दसऱ्याला ताजे पेट्रोल भरण्यापूर्वी नळीतला फिल्टर बदला.