व्हिडिओतून काढलेली फ्रेम हा ‘खरा’ फोटो मानावा का?

आपण विचारले आहे की, फोर-के व्हिडिओ चित्रित करून त्यातली हवी ती फ्रेम निवडली, तर तिला फोटो म्हणावे का आणि ती स्पर्धेला पाठवावी का. माझ्या मते कॅमेरा सुरू करण्यापूर्वी तो फोटो आपल्या मनात असेल, तर तो पूर्णपणे आपला फोटो आहे. याच मुद्द्यावरून माझा एक फोटो प्रदर्शनाच्या भिंतीवरून उतरवला गेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माउलींच्या पालखीचे गोल रिंगण सदाशिवनगरला होते. माउलींचा अश्व धावत असताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले आहेत, असा फोटो मला हवा होता. सलग दोन वर्षे मी डीएसएलआर घेऊन दोराला चिकटून उभा राहिलो. तो कॅमेरा सेकंदाला सहा फ्रेम घेत असे. भरधाव घोड्याची एक झेप अर्ध्या सेकंदाच्या आतच पुरी होते, म्हणजे एका झेपेमागे माझ्या हाती दोन-तीन फ्रेम येत, आणि प्रत्येक वेळी एखादा तरी पाय मातीत रुतलेला असे. २०१९च्या वारीत एका दिंडीच्या चित्रीकरणाचे काम मिळाले, तेव्हा रिंगण व्हिडिओवरच घ्यायचे असे मी ठरवले, कारण सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे झेपेमागे दहा-बारा. व्हिडिओसाठी एरवी आपण शटर १/५०वर ठेवतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका वेळ उघडे राहते, पण त्यावर घोड्याचे पाय म्हणजे नुसता फराटा उमटतो. मी शटर १/१०००वर नेले. ढगाळ हवेत त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागला, चित्रात दाणे आले, आणि रिंगणाच्या भागात घोडा झटके खात पळताना दिसेल, हे मी दिंडीचालकांना आधीच सांगून ठेवले. त्यांनी हरकत घेतली नाही. थोडक्यात, एका फोटोसाठी मी तेवढा व्हिडिओ बिघडवून घेतला.

जी फ्रेम मिळाली, तिच्यात अश्वाचे चारही पाय पोटाखाली एकवटलेले आहेत, मागच्या टापेतून सुटलेले मातीचे ढेकूळ हवेत आहे आणि दोराशी बसलेल्या एका आजींचा हात, ती टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी, आधीच पुढे आलेला आहे. आधीच्या फ्रेममध्ये हात अजून पदराखाली आहे. पुढच्या फ्रेममध्ये टाप टेकलेली आहे.

हा फोटो एका प्रदर्शनासाठी निवडला गेला आणि लागलाही. मूळ फाइल मागितली गेली तेव्हा मी काही न लपवता व्हिडिओची क्लिप दिली. समितीतले एक ज्येष्ठ छायाचित्रकार, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ते म्हणाले, “हा फोटो तुम्ही टिपलेला नाही, वेचलेला आहे.” संध्याकाळपर्यंत फोटो उतरवला गेला होता.

मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. पाखरू दाणे टिपते, तेव्हा ते वेचतच असते. आपल्या भाषेने या दोन क्रियांत एवढी मोठी भिंत घातलेली नाही. सर स्वतः पक्ष्यांचे फोटो काढताना सेकंदाला २० फ्रेमचा मारा करतात आणि रात्री संगणकावर त्यांतली एक निवडतात. त्यांची २० आणि माझी २५, यांच्यामध्ये फोटोग्राफीची सीमा नेमकी कुठे येते, हे त्यांनी मला सांगितलेले नाही. ज्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर त्यांच्या पिढीचे हात बसले, ती मुळात सिनेमाचीच फिल्म होती. लायका कॅमेऱ्याचा जनक ओस्कर बार्नाक याने ती आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन फ्रेमएवढी, २४ बाय ३६ मिलिमीटरची, एक फ्रेम केली. घोड्याचे चारही पाय हवेत सुटतात हे १८७८ साली कॅलिफोर्नियात ज्याने कॅमेऱ्याने सिद्ध केले, त्या मायब्रिजने ओळीने १२ कॅमेरे मांडले होते आणि वाटेतले दोरे घोड्यानेच तोडून शटर उघडले होते. बटण मायब्रिजच्या बोटाखाली नव्हते, तरी त्याला कोणी वेचणारा म्हणत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. लग्नात दिवसभर १/५०वर व्हिडिओ चालू ठेवायचा आणि नंतर त्यातून ‘फोटो काढून देऊ’ म्हणून यजमानांचे फोटोग्राफरचे पैसे वाचवायचे, या प्रकाराला मी फोटोग्राफी मानत नाही. फोर-केची फ्रेम म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. अठरा इंच रुंद प्रिंट काढला, तर इंचामागे २१३ पिक्सेल पडतात. भिंतीवर ते चालून जाते, पण व्हिडिओ दाबून साठवलेला असल्यामुळे सावल्या उजळायला गेलात की चौकोन दिसू लागतात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये, जी उसंत असते, ती इथे नाही. शिवाय कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे वेगाने कॅमेरा फिरवला की उभे खांब तिरके होतात. माझ्या फोटोतही मागची भगवी पताका किंचित कललेली आहे, आणि ती वाऱ्याने कललेली नाही.

स्पर्धेच्या नियमांत मूळ रॉ फाइलची अट असेल, तर पाठवू नका, कारण ती आपल्याकडे नाही. अशी अट नसेल, तर जरूर पाठवा, मात्र माहितीच्या रकान्यात ‘व्हिडिओतील फ्रेम’ असे स्वच्छ लिहा आणि शटरचा वेगही लिहा. मी तो लिहिला नव्हता. लिहिला असता, तर सरांना निदान त्या १/१०००चे काय करायचे, याचे उत्तर द्यावे लागले असते.