प्रश्न तुमचे, उत्तर ताईंचं : मैत्री क्लिनिकचं कुलूप

प्रश्न : नमस्कार ताई. माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. दिवाळीपासून कॉलेजचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणतो, रात्र रात्र जागा असतो, जेवण निम्म्यावर आलंय. शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं, १२०० रुपये फी, वर १५ दिवसांनी परत या म्हणाले. आमचं छोटं किराणा दुकान, दर वेळी गाडीभाडं आणि फी कुठून आणायची? इथल्या ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असा बोर्ड आहे, मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळेला कुलूप. सरकार यासाठी पैसे देतं म्हणतात, मग ते जातात कुठं?
– एक आई, मराठवाडा

उत्तर : आधी पोराचं बघू, सरकारचं नंतर. आज संध्याकाळीच १४४१६ लावा, ही टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्री सुद्धा चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो बोलत नसेल तर तुम्ही स्वतः बोला, आईनं फोन केला तरी चालतो. पोटदुखी एकदा साध्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या, नाटक म्हणू नका. आणि मरणाबिरणाचं काही बोलला तर थट्टेत बोलला असं समजून सोडू नका, एकटं ठेवू नका, सरळ जवळच्या दवाखान्यात न्या. तसं काही नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते तिथं केसपेपर काढा, आणि त्यांची टीम तुमच्या ग्रामीण रुग्णालयात कुठल्या वारी येते ते तिथंच विचारून वारासकट लिहून घ्या.

आता पैशाचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात ४ जिल्ह्यांत सुरू झाला, आज ७६७ जिल्ह्यांना मंजूर आहे, आणि एका जिल्ह्याला वर्षाला ८३ लाख २० हजारांपर्यंत पैसे देता येतात. शाळा-कॉलेजातलं समुपदेशन, आत्महत्या रोखायचं काम, हे सगळं त्यातच धरलेलं आहे. शिवाय २०१४ पासून १० ते १९ वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, तुमच्या बोर्डावरचं मैत्री क्लिनिक, म्हणजे या वयाच्या मुलांसाठीची सल्ला-समुपदेशनाची खोली, त्याचंच. म्हणजे कागदावर तुमच्या मुलासाठी दोन-दोन ठिकाणी पैसे आहेत!

मग कुलूप का? मी स्वतः वीसेक वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते, एका तालुक्यातली मैत्री क्लिनिकची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. टेबल, वजनकाटा, भिंतीवर हिमोग्लोबिनचं पोस्टर आणि छतापर्यंत रचलेले सॅनिटरी पॅडचे खोके. समुपदेशक बाई कंत्राटी, त्यांना तीन दिवस दुसऱ्या रुग्णालयाचा चार्ज, एक दिवस मिटिंग, एक दिवस रिपोर्ट भरायचे, राहिलं काय? त्यात खोलीचं दार लसीकरणाच्या रांगेसमोर, अर्धं गाव तिथं बसलेलं, तिथून कुठला पोरगा आत जाईल सांगा. त्या बाई पुढं नोकरी सोडून गेल्या, जागा रिकामी राहिली, पगाराचे पैसे पडून राहिले. आणि पडून राहिलेल्या पैशाची गंमत अशी की पुढच्या वर्षी पैसे कमी करायला तेच कारण होतं, मागचे खर्च झाले नाहीत म्हणजे गरज नसेल. खोली बांधली की फीत तरी कापता येते, समुपदेशकाच्या पगाराची फीत कुठून कापणार? टेलि-मानसचंच बघा, केंद्राच्या बजेटमध्ये २०२३-२४ ला १३३ कोटी ७३ लाख होते, पुढच्या वर्षी ९० कोटी धरले. फोन वाढतायत आणि तरतूद उतरते.

म्हणून "पैसे कुठं जातात" असं मोघम विचारू नका, त्याचं उत्तर मोघमच येतं. माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयाच्या नावे. विचारायचं काय, तर दोन्ही कार्यक्रमांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कुठल्या तारखेपासून, तीन वर्षांत आलेले आणि खर्चलेले पैसे, आणि तुमच्या रुग्णालयात टीम कुठल्या तारखांना आली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ पण माहीत असू द्या. सरकारी सेवा मिळणं हा हक्क आहे, ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यात सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं फुकट, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला उपचारही फुकट.

प्रश्न : आमच्या काळी मास्तरांचा मार खाऊन सुद्धा कुणी डिप्रेशनमध्ये गेलं नाही. आजकालच्या पोरांच्या लाडासाठी सरकारने खर्च का करावा?
– निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, तुमच्या वर्गातून मधेच शाळा सुटलेली, विहिरीत सापडलेली, घर सोडून गेलेली मुलं आठवून बघा, तेव्हा फक्त नाव दिलं नव्हतं त्याला. निम्हान्स या बंगळुरूच्या केंद्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार दिसला. आणि २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. याला लाड कसं म्हणू?

प्रश्न : ताई, आमच्या गणेश मंडळाकडे वर्गणीतले ४० हजार उरलेत. गावातल्या पोरांसाठी मोटिव्हेशनल स्पीकर आणायचा विचार आहे. की ग्रामपंचायतीकडून काउन्सेलरच ठेवता येईल?
– मंडळाचा कार्यकर्ता, सातारा जिल्हा

उत्तर : स्पीकर नको बाबा, दोन तास टाळ्या वाजवायच्या आणि तो पाकीट घेऊन गाडीत बसणार. पंचायतीतून काउन्सेलरचा पगारही अवघड, १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अबंध, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायच्या निधीत सुद्धा पगार आणि कार्यालयाचा खर्च बसत नव्हता. पण प्रशिक्षण, बसायची जागा, भिंतीवर रंगवलेला १४४१६ नंबर, असलं काही पंचायतीच्या आराखड्यात घालायला ग्रामसभेत विषय मांडा, आणि गाव आरोग्य समितीला वर्षाला १० हजारांपर्यंत अबंध निधी असतो त्याचं यंदा काय केलं ते आशाताईंना विचारा.

गावातल्याच माणसांकडून हे काम होतं, उगाच सांगत नाही. नाशिकच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' नावाने करून दाखवलं, पुढे तेच गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेलं. डिग्री नसलेली, पण लोक ज्यांच्याशी मोकळं बोलतात अशी गावातली माणसं निवडली, ऐकायचं कसं ते शिकवलं, आणि जास्त त्रास असेल त्याला डॉक्टरांकडे पोचवायचं. तुमचे ४० हजार अशा चार-पाच जणांच्या प्रशिक्षणाला आणि कुणाला जिल्ह्याला न्यायचं तर गाडीभाड्याला ठेवा. जिल्हा रुग्णालयाच्या टीमला पत्र द्या, शाळा-कॉलेजात प्रशिक्षण हे त्यांच्या कामातच येतं. पत्राची पोच मात्र शिक्क्यासकट घ्या, नाहीतर सरकारी काम आणि सहा महिने थांब. आणि पुढच्या वर्षी डीजे जरा लवकर बंद करा, बारावीची पोरं असतात गावात.